धारोष्ण

(दवाखान्यातली खाट. तिच्यावर म्हातारे सासरे, शेजारी सून, पायथ्याशी डॉक्टरीणबाई.)

डॉक्टर: आणि पोटातल्या गाठींत बारीक दाणे सापडलेत, आजोबा. घरात विंचू दिसला की आपण भांडं पालथं घालतो ना, तसं शरीर करतं. हे दाणे म्हणजे तशी पालथी भांडी. आत कोण आहे, ते कळत नाही.

सासरे: म्हणजे मी इथे कोंडलेला, आणि तो माझ्यात.

डॉक्टर: क्षय असू शकतो, पण तपासणीत दिसला नाही. कधीकधी काही कारणच सापडत नाही. कधी जवळपास कॅन्सर दडलेला असतो. शिवाय जनावरांकडून येणारा एक ताप आहे. तुमच्या शेळ्या आहेत ना? दूध कच्चं पिता?

सासरे: छे. उकळल्याशिवाय थेंब नाही.

डॉक्टर: नक्की?

सासरे: या वयात खोटं बोलू?

डॉक्टर: मग पोट उघडून बघावं लागेल. पलीकडचा रुग्ण बघून येते.

सून: गेल्या. आता माझ्याकडे बघा.

सासरे: पंखा बघतोय. डुगडुगतोय.

सून: रोज पहाटे बांडीच्या आचळाखाली वाटी धरून फेसासकट पितो, तो कोण मग? तुमचा जुळा भाऊ?

सासरे: हळू बोल.

सून: गोळ्यांनी बरं होण्यासारखं असेल, आणि तुम्ही पोट फाडून घ्यायला निघालात!

सासरे: पलीकडच्या गोठ्याचं काय झालं, विसरलीस? शेळ्यांचं रक्त तपासलं आणि सगळ्या गाडीत घालून मारायला नेल्या. तो बिचारा अजून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतो. माझं पोट उघडू दे. टाके भरतात.

सून: आणि नाही भरले तर?

सासरे: बांडी तरी राहील. तुझी सासू गेल्यावर माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे?

सून: हे मला तोंडावर सांगताय?

सासरे: तूही बघतेस गं. पण तुला दहा कामं. तिला तेवढं एकच.

सून: बाबा, पहाटे छकुली तुमच्या मागोमाग गोठ्यात येते ना?

सासरे: येते.

सून: तिच्या हातात काय असतं?

सासरे: पाणी दे जरा.

सून: बाबा.

सासरे: वाटी. छोटी.

सून: ओठांवर पांढरं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आजोबांचं आणि माझं गुपित आहे. मी हसले होते.

सासरे: ती बरी आहे ना?

सून: संध्याकाळी अंग कोमट लागतं. वाटलं, उन्हात खेळली असेल.

सासरे: मला का नाही सांगितलंस?

सून: तुमच्या जिवाला घोर नको म्हणून.

सासरे: बाईंना बोलाव.

सून: काय सांगू त्यांना?

सासरे: तू नको, मीच सांगतो. आधी पोरीचं, मग माझं.

सून: आणि बांडी?

सासरे: गाडी येईल तेव्हा मला तेवढं घरी न्या. दुसऱ्या कुणी ओढलं तर ती पाय रोवून उभी राहते. दोरी माझ्या हातात असली, की आपली आपण चालत येते.