नॉर्वेतली कटिंग

पगाराचं काय घेऊन बसलात, माझं लग्न कटिंगच्या भावावरून मोडता मोडता राहिलं!

मी नॉर्वेत कंत्राटावर वेल्डर. सुट्टीत आलो तेव्हा धरणगावला मुलगी बघायला गेलो. ऐटीत सांगितलं, "महिन्याला चार लाख सुटतात." सगळी बैठक गार. फक्त मुलीचे काका, नाना, ढिम्म बसलेले.

"तठे वांगं काय भाव शे?"

"चारशे रुपये किलो."

नाना उडालेच. "मंग भरीत?"

"इथं येऊनच खातो, नाना."

"खोलीभाडं?"

"ऐंशी हजार."

"अन् कटिंग?"

"साडेचार हजार. म्हणून तर केस वाढवतो आणि सुट्टीत इकडे येऊन कापतो."

नानांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तो कटिंगवाला... त्यानं लगीन हुई गयं का?"

आतल्या खोलीत मुलगी फिस्सकन हसली. तिथंच माझं जमलं.

आता नॉर्वेत माझे केस तीच कापते. आणि दर वेळी साडेचार हजार रोख घेते.