लेख वाचला पाहिजे

नाही, मला सांगा, 'लेख वाचला पाहिजे' यात न समजण्यासारखं काय आहे? मराठीच आहे ना? एडिंबरोला पाच वर्षं पुरातत्त्व शिकून मी परत आले ती याच मातीसाठी... हसा, माझी आईपण हसते... आणि चांदूर बाजारजवळ सूर्यभानकाकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला एक दगड सापडला, अर्धा वर, अर्धा मातीत, आणि वरच्या ओळीतली तीन अक्षरं लागली. 'बाइसें'. म्हणजे कुणीतरी मानाची बाई, सातशे वर्षांपूर्वीची. तिनं विहीर बांधली, दिवा लावला, की नुसतीच गेली? ते सगळं मातीखाली.

तुम्हाला सांगते, तिथंच उकरायला बसणार होते, पण शिक्षण आडवं आलं. आधी नोंद, मग परवानगी, मग दगडावर ओला कागद थापून ठसा, मग वाचन. म्हणून काकांना हात जोडले, "काका, काही झालं तरी हा लेख वाचला पाहिजे." काका म्हणाले, "वाचते ना पोरी. मी हावो ना, तू बेफिकर राय."

मग अमरावतीला, आमच्या इतिहास मंडळात. अध्यक्ष भगवंतराव, निवृत्त मुख्याध्यापक. "हे पाय, लेख वाचला पाह्यजे यात वादच नाही. पन बॅनर कोन्त्या रंगाचं?" तीन बैठका बॅनरवर गेल्या, चौथी माझ्या सत्कारावर, शाल, नारळ, आणि परवानगीचा अर्ज पाचवीत, ती अध्यक्षांच्या नातीच्या साखरपुड्यामुळे पुढं गेली.

शेवटी परवानगी आली, मी कागद, ब्रश, पाण्याचा कॅन घेऊन धुऱ्यावर गेले, तर तिथं सिमेंटचा गुळगुळीत चबुतरा. पिवळा रंग दिलेला.

"काका, दगड?"

"आत हाय. म्या म्हनलं होतं ना, वाचते म्हनून. आता पानी लागत नाही, ढोरं आंग घासत नाहीत. शंभर वर्सं त्याले काई होत नाही."

म्हणजे मी वाचायचं म्हणत होते आणि त्यांनी वाचवला. भांडायचं कुणाशी, सांगा? आणि सिमेंट फोडलं की ते अक्षरं सोबत घेऊनच निघतं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलंय...

मी तिथंच बसले. जमुनाकाकू, काकांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या. "काहून रडून राहिली वं माय? सिमेट ओतायच्या आंधी पुरा खनून काळला होता त्याले, धुतला. लय लिहेल होतं खालतं."

"फोटो काढला?"

"काळला ना."

काढला होता. फोटोत सूर्यभानकाका, नवं धोतर, छाती पुढं, बरोब्बर ओळींसमोर उभे. धोतराच्या कडेनं एकच अक्षर दिसतं. 'दि'. रोज मोठं करून पाहते. दिवा? दिली? की दिस, एखादा, तिचा?

परवा मंडळाचा वार्षिक अहवाल आला. भगवंतरावांच्या सुबक अक्षरात, 'यंदा वाचलेले लेख : एक.' खाली सहीसाठी माझं नाव. मी ते वाक्य चारदा वाचलं, व्याकरणाची चूक शोधली.

चूक नव्हती. केली सही.