इमारत उभी आहे तोवर

नाही, नाही — त्या खुर्चीवर नको, तिच्यावर चौथा खंड बसलाय. तुम्ही स्टुलावर बसा. डुगडुगतं जरा, पण तुम्ही काही फार वेळ बसणार नाही. हां, तर काय म्हणत होतात — 'अद्ययावत'. तुमच्या ट्रस्टमध्ये हा शब्द फार चालतो वाटतं? आल्यापासून तेच चाललंय. अद्ययावत करणं म्हणजे काय, ठाऊक आहे का? नसेलच, ते तुमचे बूट बघूनच कळलं मला. इतके चकचकीत बूट घालून कोणी इमारती बघत नाही. आमच्या वास्तुदर्शिकेचे खंड सहा, एकेका भागाचा एकेक. त्यातली प्रत्येक इमारत पुन्हा गाठायची, तिच्या भिंतीला हात लावायचा, आणि मगच ओळ लिहायची. हात नाही तर ओळ नाही — हा मालिकेचा पहिला नियम, माझाच. का केला? एका प्राध्यापकमहाशयांनी गाडीच्या काचेतून बघून अख्खी बाजारपेठ लिहून दिली होती म्हणून. त्यात एका घराबद्दल 'दगडकाम रेखीव, खिडक्या प्रमाणबद्ध' — जाऊन बघतो तर घर दुरुस्तीला काढलेलं, वरून घराचंच चित्र छापलेला पडदा सोडलेला! विद्वानानं कापडाचं वर्णन केलं होतं. वाऱ्यानं हलताना तरी दिसायला हवं होतं की नाही?

पैसे नाहीत, बरोबर आहे तुमचं. नाहीत म्हणून तर तुम्ही जिना चढून आलात. विद्यापीठानं हात वर केले, सरकारी खात्याला आमची आठवण येते ती उद्घाटनाच्या भाषणात. मागची आवृत्ती निघाली तेव्हा तुम्हाला मिसरूडही फुटलं नसेल. पुस्तकात जिथे टपाल कचेरी आहे तिथे आता गाद्या विकतात. माणसं पुस्तक उघडं धरून दुकानात शिरतात आणि छत दाखवा म्हणतात. छत आहे हो अजून — गाद्यांच्या वर, बिचारं. सूनबाई गाडी चालवते, मी शेजारी बसून कुरकुरतो, असं चाललंय. माझे गुडघे गेले, तिनं बिनपगारी रजा काढली. यंदा झालं तर झालं, नाही तर संपलं. माझ्यामागे दुसरा वेडा कोणी नाही.

आणि तुम्ही सगळा खर्च उचलणार. चांगला कागद, रंगीत नकाशे. बदल्यात काय, तर एक नोंद गाळायची. एकच! केवढं हे मन! नदीच्या वळणावरच्या वाचनालयाची. — का, ते सांगू नका, मी म्हातारा आहे, मठ्ठ नाही. दर्शिकेच्या शेवटच्या आवृत्तीत नोंद असली की पाडण्याआधी पालिकेला सुनावणी घ्यावी लागते, लोक येतात, बोंबाबोंब होते. नोंद नसली की सकाळी बुलडोझर, दुपारी मोकळं मैदान, आणि तुमच्या मालकांना त्यावर घरं — हरेक खोलीतून नदी. न्हाणीघरातूनसुद्धा दिसेल बहुतेक.

काय? मलाच ती आवडत नाही? अच्छा, म्हणजे वाचलंत तर! नको, मला पाठ आहे — 'छप्पर अतिउत्साही, जिना गैरसोयीचा, पावसात गळते. तरुण माणसाची बढाई.' मीच लिहिलंय. आणि आहेच वाईट! पायऱ्या इतक्या चिंचोळ्या की म्हातारा पेपर वाचायला वर गेला की उतरायला घाबरतो. छप्पर दुमडलेलं — का दुमडलं? तर त्याला दुमडायचं होतं. मी बजावलं होतं, अरे, पाणी साचेल तिथे. साचतं. बरोब्बर मी बोट ठेवलं होतं तिथेच साचतं. परवासुद्धा बादली ठेवलेली होती. ग्रंथपाल बाई मला पाहिलं की खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवतात — म्हणजे, जातो मी अधूनमधून. गळती तपासायला. उन्हाळ्यात? जातो की, उन्हाळ्यात तपासू नये असं कुठे आहे? ऊन कललं की त्या दुमडीतून उजेड खाली येतो, सरळ वाचणाऱ्याच्या हातावर — हातावर, डोळ्यांत नाही! हे जमवणं सोपं नसतं साहेब, मी जन्मभर शिकवलं, मला एकदाही जमलं नाही — असो. गळते ती गळतेच.

'त्याला' म्हणजे कोणाला? ज्यानं बांधली त्याला. माझा धाकटा भाऊ. नोंदीत नाव आहे, आडनाव माझंच आहे, बढाई वाचलीत आणि तेवढंच वाचायचं राहिलं? तेव्हा आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती — भावाबद्दल दोन शब्द बरे लिहवले नाहीत तुला? म्हटलं, आई, गळते ती. तो मात्र हसला. पान कापून टेबलासमोर चिकटवलं आणि येईल त्याला दाखवायचा — दादानं दर्शिकेच्या आत घेतलं, बघा! दुसरी इमारत काढायला बसला होता, ती कागदावरच राहिली. तोही राहिला नाही. म्हणजे ही एकच. एवढीच आहे त्याची.

तर तुम्हाला वाटलं, म्हातारा शिव्या देतो म्हणजे हसत गाळेल. शिव्या द्यायचा हक्क माझा आहे, मी थोरला आहे. तुम्ही कोण लागता तिचे? इमारत उभी आहे तोवर आत — हा दुसरा नियम. — हो हो, कळलं, पैसे नाहीत तर आवृत्ती नाही. ओरडू नका, सूनबाई आत आहे. नाही निघाली तर काय होईल? जुनीच शेवटची राहील. आणि जुनीत ती आहे. बसा बोंबलत सुनावणीत.

सूनबाईला सांगावं लागेल, उद्यापासून गाडी काढू नकोस म्हणून. तेवढं जड जाईल मला.

तुम्ही अजून बसलात? उठा. स्टूल भिंतीशी सरकवा. आणि कठडा धरायची गरज नाही, हा जिना मी काढलेला आहे — रुंद आहे, सरळ आहे, कोणी बघायला येत नाही. उतरा.