मास्तरीणबाई अकराला येणार आहेत

हॅलो?

हां, बोल ताई. नाही, झोपले नव्हते. वर्कशॉपवर आहे.

हो, खरंच वर्कशॉपवर. आवाज घुमतोय ना? सगळं रिकामं आहे म्हणून. नऊ आठवड्यांनी कुलूप काढलं आज. किल्ली फिरेना, तेल घालावं लागलं.

आला होता ना. भावोजींनी पाठवलेला माणूस नवाच्या ठोक्याला हजर. सहाही शिलाई मशिनं बघितली त्याने, एकेकाचं चाक हाताने फिरवून. बोलायलाही नीट होता.

नाही.

नाही नेली. इथेच आहेत.

अगं ऐक ना… किमतीचा प्रश्नच नव्हता. मीच नको म्हटलं.

हो, हो… मला माहितीये. मीच तुझ्यापाशी रडले, सगळं विकून टाकूया, मला त्या जागेचं तोंड बघायचं नाही म्हणून. आणि भावोजी बिचारे माणूस शोधत फिरले. त्यांना तोंडघशी पाडलं मी, कळतंय. करते त्यांना फोन.

ताई, मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल.

शिलाई मशिनं बघून तो कटिंगच्या टेबलाकडे गेला. तू आली होतीस तेव्हा पाहिलंस ना, कापडाचे चाळीस-पन्नास थर पसरून ठेवतो, वर खडूने आखतो, आणि ते उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवतात… हो, तेच. आमच्या कटिंगच्या मास्तरीणबाईंची बोटं ज्यात गेली ते.

त्याने वाकून बघितलं. पात्यापुढच्या गार्डला बोट लावलं आणि हसला. म्हणाला, "हे बरं केलंत बाई, गार्ड आधीच बांधून ठेवलाय. गिऱ्हाईक असंच मागतं. काम पळतं."

तारेने. वर ओढून तारेने बांधलाय.

सांगते ना. गार्ड म्हणजे एक लोखंडी पट्टी असते पात्यापुढे. ती कापडापर्यंत खाली सोडायची, म्हणजे बोट पात्याला लागत नाही. पण थर जाड असला की ती अडकते, मग हळूहळू कापावं लागतं.

मी बांधली ती तार.

नाही, मेकॅनिकने नाही. मी. पक्कड घेऊन, माझ्या हाताने.

…

हॅलो? ताई, आहेस ना?

दवाखान्याच्या कोटांची ती मोठी ऑर्डर आली होती बघ, तेव्हा. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाई, राहू द्या तो खाली, मला भीती वाटते." मी म्हटलं, चारच दिवसांचा तर प्रश्न आहे. ऑर्डर गेली, आणि तार तशीच राहिली. विसरले असंही म्हणता येत नाही गं. रोज दिसायची. सात महिने. काम पळत होतं ना.

नाही, तुला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं की हात घसरला. सगळ्यांना तेच सांगितलं.

ह्यांना परवा सांगितलं… उठले आणि भांडी घासायला लागले. घासलेलीच होती सगळी.

अपघात म्हणू नकोस ताई. तू मोठी आहेस, माझी बाजू घेणारच तू. पण म्हणू नकोस.

अजून आहे. ऐक. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी शेजारीच उभी होते. मास्तरीणबाईंच्या हाताला माझी ओढणी गुंडाळलेली, अख्खी भिजलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरला म्हणाल्या, "हात घसरला." चौदा वर्षं त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, कधी घसरला नाही. आणि मी काय केलं? "पाणी आणते" म्हटलं आणि बाहेर गेले.

हो. पाणी आणायला.

दोन. डाव्या हाताची, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जोडता नाही आली. खर्च केला गं सगळा मी, तो काय… तो करायचाच होता.

म्हणून सांगते, तुम्ही सगळे म्हणत होतात ना, हिचं मन उडालंय, बदल हवा, चार दिवस माझ्याकडे ये, फिरायला जा… मन उडालं नव्हतं ताई. मन तिथेच अडकलं होतं. सकाळी उठायचं, अंघोळ करायची, चपला घालायच्या आणि दाराशीच बसायचं. दुपार व्हायची. मग चपला काढायच्या. ऑर्डरवाल्यांचे फोन यायचे, मी वाजू द्यायचे. नंतर यायचेच बंद झाले. त्याचंही बरंच वाटलं.

मंगळवारी गेले होते मास्तरीणबाईंकडे. हो, पहिल्यांदाच. दवाखान्यातून सोडल्यानंतर पहिल्यांदा.

काय बोलणार? जिना चढताना पाठ करून गेले होते सगळं. दार उघडलं तर त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवून, एका हाताने आणि दातांनी. मी म्हटलं, मास्तरीणबाई, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "ते मला माहितीये. मला कशाला सांगायला आलात?"

नाही, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "बंद का ठेवलंय?" मी म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. म्हणाल्या, "दुखणं माझं, आणि अंथरूण तुम्ही धरलंत होय?"

हं.

हो, तसंच म्हणाल्या. "बाकीच्या चौघी काय करतायत माहितीये का तुम्हाला?" मला खरंच माहीत नव्हतं ताई. विचारलंच नव्हतं कोणाला. एक दुसरीकडे लागली, तिचं बरं आहे. एक जिने धुते, तीन इमारतींचे. बाकीच्या दोघी बसून आहेत, आज उघडेल, उद्या उघडेल करत. माझ्या हुंदक्यापलीकडे मला काही ऐकूच येत नव्हतं.

माफ? नाही केलं. विचारलं मी. म्हणाल्या, "ते तुम्ही मागू नका, मी खोटं बोलणार नाही आता."

तरी मी घरी येऊन पुन्हा दाराशीच बसले. बुधवार, गुरुवार. भावोजींचा माणूस येणार म्हणून आज यावं लागलं, नाहीतर आजही आले नसते. तुला वाटेल, त्यांनी एवढं सुनावल्यावर ही ताडकन उठली. तसं काही झालं नाही. उत्साह वगैरे आजही नाही. नुसते पाय आले.

पण तो माणूस हसला ना, "गिऱ्हाईक असंच मागतं" म्हणून… मला दिसलं, हे मशीन कुठल्या तरी टेबलावर जाणार. तारेसकट. तिथे कोणीतरी दुसरी उभी असणार, आणि तिची मालकीण तिला म्हणणार, चारच दिवसांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, नाही द्यायचं. तो म्हणाला, मग बाकीची द्या. मी म्हटलं, काहीच नाही. बराच वेळ उभा होता बिचारा.

मग पक्कड शोधली. तार तोडली. गार्ड खाली येईना, गंजला होता. रॉकेल लावून, घासून घासून आणला खाली. तास गेला. हात काळे झालेत, फोनही बरबटलाय.

आणि मग मास्तरीणबाईंना फोन केला.

हो, बोलावलं. येतायत अकराला. दुसरीकडे लागली ती सोडून बाकीच्या तिघींनाही त्याच घेऊन येतायत. पण एक अट घातली. आधी सगळ्यांसमोर खरं सांगायचं, मग मशीन चालू.

नाही ताई… ऐक… नाही, तू घाबरू नकोस. हो, तक्रार करतील कदाचित. करू देत. निघूनही जातील. वकिलाला विचारून मग सांगू, असं नाही करता येत गं. पुन्हा पाणी आणायला गेल्यासारखं होईल ते.

तुला आधी सांगितलं… तोंडाला सवय व्हावी म्हणून. खरंच. सकाळपासून भिंतीशी बोलून बघितलं, जमेना.

रडू नकोस. तू रडलीस तर मी… नाही, आई असती तर काय म्हणाली असती ते नको काढूस आत्ता.

थांब. जिन्यात आवाज येतोय. आल्या वाटतं.

नको, ठेवू नकोस. टेबलावर ठेवते फोन. तू फक्त लाइनवर राहा. बोलू नकोस काही.

…या. या ना. बसा, म्हणजे… स्टुलांवर धूळ आहे, थांबा, पुसते.

बरं. नाही पुसत.

मला एक सांगायचंय तुम्हाला. मास्तरीणबाईंचा हात घसरला नव्हता. गार्ड मी वर बांधून ठेवला होता. त्या नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं, आणि दवाखान्यात त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या तेव्हा मी गप्प बसले. एवढंच आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा. कोणाकडे तक्रार करायची असेल तर मी नाही म्हणणार नाही.

…

हो. सात महिने.

हो, तुम्ही त्या टेबलाशी खुणा करायला यायचात तेव्हाही.

…

बरं. चालेल. नाही, तुमचं बरोबर आहे. तुमची कात्री आहे खणात, घेऊन जा.

…

ताई? आहेस? …हो, एक गेली. काजं करायची ती. हुशार होती गं हाताने. कात्री घेतली, दार ओढून घेतलं. दोघी थांबल्यात. एक तिथेच भिंतीला टेकून उभी आहे, माझ्याकडे बघत नाही. दुसरीने झाडू घेतलाय.

मास्तरीणबाई टेबलापाशी आहेत. गार्ड खालीवर करून बघतायत. उजव्या हाताने.

नाही, त्या नाही चालवणार. मशीनला आता हात लावणार नाही म्हणतात. शेजारी उभं राहून शिकवणार. कापायचं मी. आमच्यात दुसऱ्या कोणाला येतच नाही, ताई. चौदा वर्षं त्याच कापत होत्या आणि मी नुसती ऑर्डरी घेत होते.

हो, भीती वाटतेय. कापडाचा जुना ताका पडलाय, त्यातले आधी पाचच थर लावू म्हणतात.

काय? …तुम्ही काही म्हणालात, मास्तरीणबाई?

हो, ताई आहे माझी. मोठी बहीण.

बरं. हो. ठेवते.

ताई, फोन ठेव म्हणतात. एका हाताने कापड धरायचं, एका हाताने मशीन. दोन्ही हात लागतात याला.