लॅपटॉपमधली ढोलकी

अमरावती-अकोला बसमध्ये गोदाबाईच्या पुढच्या सीटवर एक काका प्लास्टरमधला हात सांभाळत बसले होते. शेजारच्या पुतणीनं मांडीवर लॅपटॉप उघडला, तसे गोदाबाईचे कान तिकडे गेले.

“काका, एकेक ठोका लिहून ढोलकी बनवली मीनं. खरी का खोटी, कोणाचा बाप नाई ओळखणार!”

“वाजव.”

“आयका.”

“खोटी.”

“कावून जी?”

“माणूस इतकं सारखं वाजवत नाई, गीतांजली. अकरा वाजता अकोल्यात भजनाची स्पर्धा हाये. हसतील लोकं आपल्याले.”

“थांबा, ठोके जरा मागंपुढं सरकवते. आता?”

“डावी पुडी घुमत नाई.”

“घुमवली. आवाज बी फुल केला. घ्या!”

“हां! आता माह्या हातासारखी वाजून राहिली!”

ड्रायव्हरनं बस कडेला घेतली.

“मागचं चाक वाजून राहिलं. उतरा सगळे!”

“भाऊ, ते चाक नाई, ढोलकी हाये!”

“कुठं हाये ढोलकी?”

“ह्या लॅपटॉपात.”

“मले नको शिकवू, बाई. वीस वर्षं झाले, गाडी चालवून राहिलो.”

गोदाबाई टोपली घेऊन उतरली. खोललेल्या चाकात काही सापडलं नाही. ते परत बसवताना नट नालीत पडले. अकरा वाजता बस बडनेऱ्यातच उभी होती.