जावई झोपलेत

हसताय कशाला रं? दिवसा झोपणं लई अवघड काम हाय. पाटोद्याच्या विजेच्या सबस्टेशनला मला रात्रपाळी लागली, तवाची गोष्ट. सकाळी गावाकडं येऊन जरा आडवं झालो की कुणीतरी दारात हजर. "दिवसाढवळ्या झोपलास? बरं न्हाई का?" एवढं विचारायला मला हलवून उठवायचे! मग ड्युटीवर डुलक्या यायला लागल्या, आन् तिथं डुलकी म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटी बायकोच म्हणली, "माझ्या माहेरी झोपत जा. पाटोद्यातच तर हाय."

गेलो. सासूबाईंनी शेळी लांब नेऊन बांधली, मिक्सर बंद ठेवला, गल्लीतल्या पोरांना दम दिला, "जावई झोपलेत!" काय झोप लागली म्हणून सांगू! मग रोज तिकडंच जायला लागलो.

पण बायको सासरी आन् नवरा तिच्या माहेरी, हे गावाला काई पटंना. मी रुसून गेलो म्हणून बोंब उठली. एक दिवस दुपारी आमचे चुलते भावकीतली म्हातारी माणसं घेऊन आले, रुसलेल्या सुनेला न्यायला येतात तसे. सासूबाईंनी त्यांना ओसरीवरच थोपवलं. "जावई झोपलेत. उठले की बोला. तवर गप बसा."

संध्याकाळी मी उठून बाहेर आलो, तर सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. सतरंजीवर चुलत्यांसकट सगळे ओळीनं आडवे, गाढ झोपेत.

"हळू चाला," त्या म्हणल्या, "तुमच्याकडचे पाव्हणे झोपलेत."