मधूच्या गाडीचा दिवा

खरं सांगू, मधूच्या मोटरसायकलच्या दिव्यावर मी तेव्हा फार जळायचो. आम्ही दोघे कोपरीचे शेजारी, दोघेही शहाडच्या कारखान्यात. लढाईनंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या दोघांनी बरोबरच घेतलेल्या आणि दोन्हींचे दिवे सारखेच मिणमिणते. मग मधूने एका रविवारी सगळी कुजकी वायर उपटून जाड, नवी घातली. त्याच्या दिव्याचा उजेड असा लख्ख पडायला लागला की माझी बायकोच म्हणाली, "मधूभावजींना सांगा ना, तुमचाही करून देतील."

त्याला सांगायचं? मी? तो देवळात गेला तेव्हा मी त्याच्या गाडीपाशी ओणवा होऊन वायर कुठून कुठे जाते ते पाहून घेतलं आणि घरी येऊन तशीच जोडली. दिवा झकास लागला. दिवसभर मी हवेत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना शहाड सोडलं आणि जळका वास आला. मग टाकीखालून धूर. मी उतरून वायर खेचून काढली, त्यात बोटं पोळली. तेवढ्यात मागून उजेड आला. मधूच होता. त्याने वाकून पाहिलं.

"वायर माझ्यासारखीच घातलीस की. पण फ्यूज कुठाय?"

"तुझा कुठे असतो?"

"सीटखाली, आत. अरे, मला विचारलं असतंस तर मीच बसवून दिला असता."

"माहीत होतं," मी म्हणालो, "म्हणूनच नाही विचारलं."